रिव्हर्सला थरथरत नाही

पिंपळगाव बसवंत,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय तेजू,

हे पत्र तुला सविता आणून देईल. आपल्या पॅकहाउसमध्ये पेट्या भरायला असते ती सविता. तिचं माहेर धुळ्यातच आहे आणि भावाच्या साखरपुड्याला ती उद्या निघतेय. तिला बजावून सांगितलंय की पत्र तेजूच्याच हातात द्यायचं, बाहेर टीव्हीवर ठेवून यायचं नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोन लावला की विहीणबाई आधी स्पीकर लावतात. बाई लाखमोलाची आहे, माझी काही तक्रार नाही. पण मग त्या मला डिंकाच्या लाडवांचं प्रमाण विचारतात, आतल्या खोलीतून तुझे रोहितराव यंदा द्राक्षाला भाव काय निघेल ते विचारतात, आणि शेवटी तुझ्या वाट्याला 'बरंय गं आई' एवढंच उरतं. तेवढ्यावर मी काय ओळखायचं? आणि माझं जे सांगायचं असतं ते तर तोंडातच राहतं. म्हणून यावेळी कागद घेऊन बसले. तू उशीवर पाय टेकवून आरामात वाच. मध्येच जीव टांगणीला लागू नये म्हणून निकाल आधीच सांगून टाकते: तुझी आई जिंकली. आता खटला ऐक.

खटला आपल्या पांढऱ्या गाडीचा. दसऱ्यानंतर लगेच तुझ्या अण्णांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय, तेव्हा त्यांचं गाडी चालवणं बंद. आणि डॉक्टरांनी तर व्यायामासाठी सारखं नाशिकला बोलावलेलं. तुझ्या महेश काकांची नेमकी छाटणी उरकून फवारण्या सुरू झालेल्या, त्यांना बागेतून मान वर करायला फुरसत नाही. राहिलं कोण? लायसन्स काढून ते कपाटात साड्यांखाली ठेवलेली मी. तोवर माझी धाव घर ते पॅकहाउस एवढीच होती. पहिल्या दिवशी हायवेला लागले तेव्हा हाताला घाम सुटला होता, पण गेले. पुढच्या खेपेला घामही सुटला नाही. अण्णांना दवाखान्यात सोडून मी एकटी गंगेवर, गोदाकाठच्या बाजारात, जाऊन भाजीसुद्धा घेऊन आले. सगळं छान चाललेलं, पण गाडीला मात्र नवंच काहीतरी सुचलं.

उभी गाडी हलवायला गेलं की ती थरथरायची. साधीसुधी नाही. सीट, स्टेअरिंग, आरसा, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं एका सुरात. एकदा वेग घेतला की मग काही नाही, जशी काही खोड काढून पोर साळसूद होऊन बसावं. पुढचा सिग्नल आला की पुन्हा तेच. आडगाव नाका, द्वारका, मुंबई नाका, प्रत्येक ठिकाणी दिवा हिरवा झाला की तो गणपती नाचायला लागायचा. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायचा नाही, आणि शेजारी अण्णा दाराच्या वरची दांडी धरून बसलेले. बोलायचे काही नाहीत. फक्त दांडी दोन्ही हातांनी धरायचे. तेजू, नवरा ओरडला तर उत्तर देता येतं गं, दांडी धरणाऱ्याला काय उत्तर देणार?

घरात निकाल लागायला वेळ लागला नाही. मी चालवायला लागले आणि गाडी थरथरायला लागली, दोन्ही एकाच पंधरवड्यात. म्हणजे दोष माझ्या पायाचा. 'वहिनी क्लचवरून पाय उचलीतच नाय, हाफ क्लचवर गाडी खेचत्यात,' हे महेश काकांचं म्हणणं. आणि त्यात तुझंही नाव आलं बरं का. 'लेकीनं शिकवली ना गाडी! ती काय शिकवणार!' तिथं मात्र माझी सटकली. माझ्या पायाला काय नावं ठेवायची ती ठेवा, माझ्या मास्तरणीला ठेवायची नाहीत.

कारण तू कसं शिकवलंस ते मला आठवतं. तुझ्या लग्नाआधीचा उन्हाळा, हंगाम संपून पॅकहाउस रिकामं झालेलं, आणि त्या सिमेंटच्या अंगणात तू रिकाम्या क्रेटच्या भिंती रचून रस्ते केले होतेस. मी किती क्रेट तुडवले ते तू काकांना कधी कळू दिलं नाहीस. गाडी सारखी बंद पडायची आणि मी रडकुंडीला यायचे. मग तू म्हणालीस, 'आई, झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात कसा काढतेस? तसा क्लच सोड. हात काढल्याचं लेकराला कळायला नको.' तुला तेव्हा ना लेकरू ना बाळ, कुठून सुचलं कोण जाणे. पण त्या दिवसानंतर माझ्या पायाखाली गाडी बंद पडली नाही. म्हणून या पायाचा दोष मला पटेना. आणि तरी, खरं सांगते, शंका यायचीच. भाकरी थापता थापता ओट्याखाली डावा पाय हळूहळू उचलून बघायचे आणि स्वतःलाच विचारायचे, कुठं चुकतंय?

पुरावा सगळा माझ्याविरुद्ध होता. महेश काका गाडी काढायचे तेव्हा ती मुकाट निघायची. मग गाडी बंटीकडे नेली. मार्केटच्या गेटसमोर ज्याचं गॅरेज आहे तो बंटी, शाळेत तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा तो. त्यानं गाडी एकदा पुढे हलवली आणि बॉनेटही न उघडता म्हणाला, 'क्लच प्लेट गेली काकू. लेडीज ड्रायव्हिंगला लवकर जाती.' मी म्हटलं, उघडून तर बघ. तर म्हणे, उघडली की नवीनच टाकावी लागंल. मी गाडी तशीच परत आणली. त्या संध्याकाळी महेश काकांनी चावी त्यांच्या खोलीतल्या खिळ्याला लावून टाकली. रागानं नाही, काळजीनं, आणि म्हणूनच मला भांडताही येईना. अण्णांना दवाखान्यात शेजारच्यांच्या गाडीतून न्यायचं, आणि हंगाम झाला की ही गाडी काढून टाकायची, असं ठरून गेलं. मी ताटं घ्यायला उठले.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण त्याच जेवणावर तुझा विषय निघाला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सातवा लागला की मुऱ्हाळी जाऊन लेकीला घेऊन येतो, हे आपल्याकडे आजवर चुकलेलं नाही. मुऱ्हाळी म्हणजे भाऊ, नाहीतर बाप. तुला भाऊ नाही, बापाचा गुडघा हा असा, म्हणून काका येणार होते. आधी छाटणी झाली की येणार होते, मग घडांचं डिपिंग झालं की. घड औषधात बुडवायचे दिवस हुकले तर वर्ष हातचं जातं, हे मलाही कळतं. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, 'येळ काढीनही मी, पण कोणत्या गाडीत आणू? ती अशी हादरती. त्यात पोटुशी पोर बसवायची का?' अण्णा म्हणाले, भाड्याची गाडी करू. त्यावर काका म्हणाले, परक्या ड्रायव्हरच्या हातात पोर नाय द्यायची. मीच आणते की, असं माझ्या ओठांवर आलं होतं. माझ्या पायावर माझा कितीही भरवसा असला तरी त्या थरथरत्या सीटवर बसलेली तू डोळ्यांसमोर आलीस आणि मी भाकरी आणायला आत गेले.

त्यानंतरचा तुझा फोन. स्पीकरवर. तू म्हणालीस, 'आई, काकांना वेळ नसेल तर राहू दे गं, इथंच करू. इथं दवाखानाही जवळ आहे.' आवाज अगदी शहाण्या मुलीचा. विहीणबाईही म्हणाल्या, आम्ही आहोत ना. आणि फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, विहिरीजवळच्या चिंचेला आकडे लागले का. तेजू, तुला चिंच कधीच आवडत नव्हती. लहानपणी कोणी हातावर ठेवली तर तू ती माझ्या हातात आणून द्यायचीस. मी फोन ठेवला, पदर खोचला आणि ठरवलं की ही गाडी का थरथरते ते मी शोधून काढणार.

पॅकहाउसमध्ये मी इतकी वर्षं दुसरं काय करते? माल परत आला की दोष शोधते. नव्या बाया लगेच घड तोडणाऱ्याच्या नावानं बोटं मोडायला लागतात. मी मोडत नाही. घड कोणत्या प्लॉटचा, कोणत्या ओळीचा, मांडवाच्या उगवतीकडचा की मावळतीकडचा, सकाळी तोडला की उन्हात, असं एकेक वेगळं काढत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. मग दोष आपोआप कोपऱ्यात एकटा उभा राहतो. हे मी कितीतरी जणींना शिकवलं, आणि घरच्या गाडीचा प्रश्न आला तर सगळ्यांबरोबर मीही तोडणाऱ्याच्याच नावानं बोटं मोडत बसले होते. फक्त यावेळी तोडणारी मी होते.

पण चावी खिळ्यावर. तर दुसऱ्या दिवशी अण्णा काठी टेकत ओसरीवर आले आणि कोणाशीच न बोलल्यासारखं म्हणाले, 'गाडी उभी राहून बॅटरी उतरती. चालू करून ठेवीत जा जरा.' आणि माझ्या हातावर दुसरी चावी ठेवली. हरवली म्हणून सगळं घर जिच्यासाठी पालथं घातलं होतं, तीच! कुठं सापडली विचारलं, तर म्हणे औषधाच्या डब्यात. काका बागेत गेले की मी गाडी घेऊन पॅकहाउसच्या अंगणात. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश, तिथं फक्त वॉचमन आणि मांजर.

पहिली परीक्षा इंजिनाची. गाडी न्यूट्रलला चालू ठेवली आणि बॉनेटवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. पाण्यावर बारीकशी लहर, बस्स. थेंब सांडला नाही. म्हणजे इंजिनाच्या चालण्यात खोट नाही. मग थंड गाडी हलवून पाहिली, मग चांगली तापवून. थरथर तेवढीच. मग चालत्या गाडीत पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा गियर टाकून पाहिला. काहीच नाही. मागच्या चढावर वरच्या गियरमध्ये दाबून पाहिली. गाडी मुकाट वर चढली, नुसता आवाज करून मागे रेंगाळली नाही. क्लच प्लेट घासून गेली असती तर अशी चढली नसती, एवढं मला अण्णांच्या जुन्या जीपच्या दिवसांपासून माहीत आहे. म्हणजे बंटीचं निदान तिथंच निम्मं ढासळलं. तरी थरथर होतीच, आणि ती का, ते मला सांगता येत नव्हतं.

आणि मग भिंत आली. खरोखरची भिंत. अंगण संपलं, गाडी वळेना, म्हणून मी रिव्हर्स टाकला. गाडी मागे गेली. नुसती गेली! ना थरथर ना काही. खालून एकदाच ठक् असा आवाज आला आणि ती गुपचूप मागे सरकली. मला वाटलं भास झाला. पुन्हा पुढे घेतली, थरथर. मागे घेतली, शांत. पुढे थरथर, मागे शांत. पुढे, मागे, पुढे, मागे. वॉचमन मांजराला उचलून घेऊन खोलीत गेला. तेजू, मी इंजिन बंद केलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. अगं, पाय तोच! क्लच तोच! आणि माझ्या रिव्हर्सपुढे तर तूसुद्धा हात टेकले होतेस. दोष माझ्या पायाचा असता तर मागे जाताना गाडी दुप्पट थरथरली असती. प्लेट जळली असती तरी ती काही दिशा बघून थरथरणार नव्हती. इतके दिवस मी जे ओझं घेऊन फिरत होते ते त्या भिंतीपाशी उतरलं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, आणि ते मी पुसलंही नाही, कारण बघायला कोणी नव्हतं.

आता पुढचं. पुढे जाताना आणि मागे जाताना बदलतं ते काय? मी तिथंच क्रेटवर बसून विचार करत होते आणि समोर आमचा प्रतवारीचा पट्टा दिसत होता. त्याच्या मोटरखाली रबराच्या गाद्या आहेत. मागे एक गादी फाटली होती तेव्हा पट्टा सुरू होताना असाच हादरायचा, आणि एकदा सुरू झाला की सुरळीत चालायचा. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. इंजिनालाही कुणीतरी धरून ठेवत असणार. गाडी पुढे ओढताना ते एका अंगाला रेटत असणार, मागे नेताना दुसऱ्या. आणि धरून ठेवणारं जे काही आहे ते एकाच अंगानं तुटलेलं असणार.

मग गेल्या रविवारी मी कोर्ट भरवलं. पॅकहाउसच्याच अंगणात. अण्णांना खुर्ची, बंटीला निरोप, आणि महेश काकांना बागेतून हाताला धरून आणलं म्हणालीस तरी चालेल. दुसरी चावी बघून त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि अण्णांनी आभाळाकडे. मी काकांना म्हटलं, भाऊजी, आधी तुम्ही चालवा. पण इथं, सपाटीवर, आणि जास्त रेस न देता. कारण ते घरून गाडी काढतात तेव्हा गल्लीला उतार असतो, गाडी आपसूक लोळायला लागते, आणि वरून ते रेस देऊन क्लच घासत नेतात, त्यात थरथर झाकून जाते. हाफ क्लचचा खरा धनी घरात कोण आहे ते मला एव्हाना कळलं होतं. काका ऐटीत बसले, क्लच सोडला, आणि गाडी त्यांच्याखाली अशी थरथरली की त्यांची टोपी नाकावर आली. 'आज जास्तच करती,' म्हणाले. मी म्हटलं, आता रिव्हर्स घ्या. घेतला. शांत. पुन्हा पुढे, थरथर. बंटीनं तोंडातलं चघळणं थांबवलं.

मग मी त्या दोघांना गाडीच्या बाजूला उभं केलं, बॉनेट उघडं, आणि स्वतः आत बसले. हँडब्रेक ओढला, उजव्या पायानं ब्रेक घट्ट दाबून धरला, पहिला गियर टाकला आणि क्लच एवढासा सोडला, तू शिकवलास तसाच. आणि ते अख्खं इंजिन बसल्या जागेवरून उठलं आणि धपकन खाली बसलं. मला आतून काही दिसलं नाही, पण दोघांचे चेहरे दिसले, ते पुरेसे होते. 'आयला, फाउंडेशन!' बंटी ओरडला. फाउंडेशन म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारी रबराची उशी, असं त्यानं मला समजावलं, जसं काही मी तेच सांगायला त्याला बोलावलं नव्हतं. पण मग तो गडी लगेच गाडीखाली शिरला, आणि थोड्या वेळानं मागच्या बाजूची उशी काढून त्यानं अण्णांच्या हातात दिली. रबर कसलं, बोटानं दाबलं तर बोट रुतावं इतकं लिबलिबीत झालेलं, आणि एका अंगानं आरपार फाटलेलं. पुढे ओढलं की फाट उघडायची, मागे रेटलं की मिटायची. बंटीनं तिचा वास घेतला आणि विचारलं, 'काकू, याला डिझेलचा वास येतोय. इंजिनावर डिझेल कोण मारतं?'

तू तिथं असायला हवी होतीस गं. आपल्याकडे दसऱ्याला काय चालतं ते तुला माहीत आहे. ट्रॅक्टर, ब्लोअर, गाडी, सगळं धुऊन पुसून झेंडूच्या माळा. आणि काकांचं ते खास काम: फवारणीच्या पंपात डिझेल भरायचं आणि गन धरून इंजिनावर असं मारायचं की सगळं लोखंड चमकलं पाहिजे. मग त्यावर हळदकुंकू. दरवर्षी न चुकता. लोखंड चमकायचं, पण रबर बिचारं ते डिझेल पिऊन सुजायचं आणि सडायचं. इतकी वर्षं आपण पूजा म्हणून त्या गाडीचे सांधे सैल करत होतो, आणि यंदाच्या दसऱ्याला तिनं हात टेकले. त्याच पंधरवड्यात स्टेअरिंगवर मी बसले, एवढाच माझा गुन्हा. बंटीचा प्रश्न ऐकला आणि सगळ्यांनी फक्त महेश काकांकडे पाहिलं. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हणाले, 'म्हंजे मीच का?' आणि मग त्यांचं त्यांनाच इतकं हसू आलं की अण्णा, बंटी, मी, सगळेच सुटलो. वॉचमनसुद्धा बाहेर येऊन हसला, का ते त्याला ठाऊक नव्हतं.

पण मी हसून सोडून दिलं असेल असं समजू नकोस. मी म्हटलं, भाऊजी, तेजूनं मला काय शिकवलं ते आता सगळ्यांसमोर सांगा. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग सांगावंच लागलं: 'पोरीनं पाय लय चांगला शिकवला, वहिनी.' ते वाक्य मी तुझ्यासाठी जपून आणलंय. बंटीनं नव्या उश्या आणून बसवल्या, गाडी अंगणात चालवून पाहिली, आणि म्हणाला, 'प्लेटला काय झालेलं नाय काकू, मीच बोलायला घाई केली.' संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर खिळ्यावरची चावी माझ्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेली. ती आता तिथंच असते.

काल अण्णांना घेऊन चांदवडला रेणुकामातेला जाऊन आले. येताना सरळ घरी न येता पुढे राहुड घाट उतरले आणि परत वळले, मुद्दाम. चढावर कडेला जागा बघून गाडी उभी केली. अण्णांच्या मांडीवर तोच तांब्या, भरलेला. ते म्हणाले, 'सांडलं तर माझा पायजमा हे, तुझं काय जातंय.' मी गियर टाकला आणि पाय सोडला. तेजू, ती गाडी निघाली कधी ते मलाच कळलं नाही. अण्णांनी तांब्यात वाकून पाहिलं, मग तो तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. बरंच पुढे आल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्यांनी वरची दांडी धरलीच नव्हती. आणि मग खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले, 'धुळं कितीसं लांब राह्यलं होतं गं तिथून?' जसं काही त्यांना माहीतच नाही.

तर हे पत्र त्यासाठी. येत्या रविवारी तुझा मुऱ्हाळी तुला न्यायला येतोय, आणि तो मी आहे. काकांना विचारलं नाही, सांगितलं. ते म्हणाले, जा वहिनी, बाग मी बघतो, आणि गाडीची काच त्यांनी स्वतः पुसली, नुसत्या पाण्यानं. रोहितरावांकरवी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय, त्यांची हरकत नाही. वाटेत मालेगावला थांबून पाय मोकळे करू. अण्णा सोबत आहेत, पुढच्या सीटवर ते हक्क सांगतील, तो तू त्यांना सांगू देऊ नकोस. विहीणबाईंना म्हणावं, मुऱ्हाळ्याची टोपी-उपरणं नकोत, माझी ओटी भरा. आणि आता 'राहू दे' म्हणायचं नाही, 'इथंच करू' म्हणायचं नाही. तुला यायचंय, मला कळलंय, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चिंचेला आकडे लागलेत, मी कोणाला हात लावू दिलेला नाही. रविवारी दाराशी हॉर्न वाजला की पिशवी घेऊन सावकाश बाहेर ये, पाठीला उशी लावून नीट बस. मग मी क्लच सोडेन. गाडी हलल्याचं तुझ्या पोटातल्याला कळायचंसुद्धा नाही, मला तसंच शिकवलंय.

तुझीच मुऱ्हाळी,
आई